घरातला राऊटर : आधी मोजा, मग घ्या

शुक नदीच्या काठी वसलेले खारेपाटण हे जुने व्यापारी गाव. शिलाहार वंशातील रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. विजयदुर्गच्या खाडीतून गलबतांनी येथवर माल येत असे. हल्ली कोकणात गावोगावी काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने संदेश येऊ लागले आहेत. हा तंतू बहुधा ओटीवर येऊन थांबतो, आणि अभ्यासाची खोली मात्र असते मागच्या बाजूला. ओटीवर पाठ छान दिसतो, मागे तो अडखळतो. मग कोणी म्हणतो, “वेग वाढवून घ्या”. कोणी म्हणतो, “महागडी जाळी-पद्धत, म्हणजे मेश बसवा”. हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी खरी अडचण कोठे आहे ते शास्त्रीय रीतीने शोधू या.

राऊटर करतो काय?

काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारी एक पेटी असते. घरातील कोणत्या यंत्राला कोणता संदेश द्यायचा, याची वाटणी राऊटर करतो. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकाच पेटीत होतात. शेवटी हे संदेश रेडिओतरंगांच्या रूपाने घरभर पसरविले जातात. यालाच आपण वायफाय म्हणतो.

या तरंगांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, मुख्यतः दोन पट्ट्यांत असते : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला २४० कोटी कंपनांनी भागले, की तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर येते. ५ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी किती, ते तुम्हीच काढा. (उत्तर : ६ सेंटिमीटर.) भारतात यांपैकी पहिला पट्टा २००५ साली आणि दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ साली परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाला.

भिंत आडवी येते

रेडिओतरंग भिंतीपलीकडे जातात, हे आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यात दाखविले होते. भिंतीआडून तरंग पाठवून त्यांनी घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. परंतु भिंत ओलांडताना तरंगांची काही ऊर्जा खर्ची पडते, आणि कंप्रता जितकी जास्त तितकी ही घट सामान्यतः अधिक असते. म्हणून ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जवळ वेगवान, पण भिंतींपुढे दुबळा ठरतो, २.४ चा पट्टा संथ, पण दूरवर पोहोचणारा असतो.

आता आपल्याकडील जुनी घरे पाहा. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत फूट-दीड फूट जाड असते. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पाणी हे तरंग चांगलेच शोषून घेते. लोखंडी कपाट, आरसा, छपराचे पत्रे आणि स्लॅबमधील सळ्या तरंग परतवून लावतात.

ही घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे शक्ती एक दशांश उरणे. समजा, एका भिंतीने १० डेसिबल घट होते. मग दोन भिंतींमागे शंभरावा आणि तीन भिंतींमागे हजारावा भाग उरेल. ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशा तीन भिंती ओलांडून मागच्या पडवीत क्षीण तरंग का येतात, ते यावरून कळेल. येथे तंतूचा वेग दुप्पट करून घेतला, तरी भिंती जागच्या जागीच राहणार!

करून पाहा

घराचा साधा आराखडा काढा. मोबाईलवरील वायफाय मोजणाऱ्या साधनाने प्रत्येक खोलीतील शक्ती डीबीएममध्ये नोंदवा. यात एक मिलिवॅट म्हणजे शून्य. उणे ५० म्हणजे त्याचा एक लाखावा भाग. एवढी शक्ती उत्तम समजावी. उणे ७० म्हणजे एक कोटीवा भाग. येथे काम कसेबसे चालते. उणे ८० च्या पलीकडे पाठ अडखळणारच. त्यानंतर संगणक तारेने थेट राऊटरला जोडून वेग मोजा. तारेनेही वेग कमी भरला, तर दोष घराबाहेरचा किंवा राऊटरचा असू शकतो. तारेने पुरेसा आणि खोलीत कमी भरला, तर दोष तरंगांच्या वाटेत आहे.

निवड कशी करावी?

पहिला उपाय बिनखर्चाचा. राऊटर ओटीच्या कोपऱ्यातून माजघरात, उंचावर आणि कपाटापासून दूर ठेवा. तंतू थोडा वाढवून घ्यावा लागेल, इतकेच. पुराचे पाणी शिरते अशा घरांत तर उंचावर ठेवण्याचा दुहेरी फायदा. शेजारी अनेक राऊटर असतील, तर २.४ च्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ या वाहिन्यांपैकी जी मोकळी असेल ती निवडावी. या तीन वाहिन्या एकमेकींवर येत नाहीत.

दुसरा उपाय नवा राऊटर. त्यात दोन्ही पट्टे आहेत ना, ते पाहावे. तारेची खोबण सेकंदाला १०० मेगाबिटची आहे की १,००० ची, हेही पाहावे. जोडणी २०० मेगाबिटची आणि खोबण १०० ची असेल, तर निम्मे पैसे वाया जातात. खोक्यावरील मोठमोठे आकडे सर्व पट्ट्यांची बेरीज असते. तेवढा वेग एका मोबाईलला मिळत नाही. स्पष्ट चित्रपाठाला ३ ते ५ मेगाबिट पुरतात, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा उपाय जाळी-पद्धत. यात दोन-तीन पेट्या निरोप्यांप्रमाणे संदेश पुढे देतात. परंतु घेणे आणि देणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर झाली, तर वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय पुष्कळ लोक दुसरी पेटी जेथे तरंग पोहोचतच नाहीत तेथे ठेवतात. ज्याला निरोपच ऐकू आला नाही, तो पुढे काय सांगणार? दुसरी पेटी निम्म्या वाटेवर, जेथे शक्ती अजून चांगली आहे तेथे ठेवावी.

जाड चिऱ्याच्या घराला सर्वांत खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे : तार. पागोळीच्या आत, वाशांच्या कडेने एक तार नेऊन मागच्या खोलीत दुसरी पेटी जोडली, की भिंतींचा प्रश्नच उरत नाही. अशी तार १०० मीटरपर्यंत उत्तम काम देते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या, की पेट्यांचे प्लग काढून ठेवावेत. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण विजेच्या जोडणीतून झटका येऊ शकतो.

शाळेच्या विज्ञान मंडळाने दहा घरांचे असे आराखडे तयार करावेत. एकाच खोलीतील वैशाखातील आणि श्रावणातील आकडे शेजारी शेजारी लिहावेत. भिजलेला चिरा किती तरंग गिळतो, हे तुमच्याच वहीतून तुम्हाला समजेल. आणि कोणाच्या घरी मेश खरोखर लागतो, कोणाच्या घरी राऊटर नुसता हलवला तरी भागते, हेही सांगता येईल.