डबा आपला, नाव कंपनीचं

अमळनेरच्या एखाद्या जुन्या घरात दिवाळीआधी माळा साफ करायला घेतला, की पितळी भांड्यांमागून वनस्पती तुपाचा गंजका डबा निघू शकतो. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि कारखाना आपल्या गावात उभा राहिला. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपड्यांचा साबण ही तिची सुरुवातीची ओळख. विप्रो हे नाव त्यानंतरचं.

आता समजा, तुम्ही त्याच कारखान्यात नोकरीला आहात. आबाही तिथूनच निवृत्त झाले. हा डबा, साबणाचं वेष्टन, आबांच्या निरोप समारंभाचा फोटो, सगळं एका वेबसाइटवर मांडावं असं तुमच्या मनात आलं. कमवायचं काही नाही, नुसतं कौतुक करायचंय. मग कायदा आडवा का यावा? येतो, फक्त आपण ज्या बाजूने त्याची वाट बघत असतो, त्या बाजूने तो बहुधा येत नाही.

भीती वाटते ती ट्रेडमार्कची. पण कंपनीचं नाव घ्यायला कुणाची बंदी नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम २९ धंद्याच्या ओघात केलेल्या वापराला धरतं, आणि ‘हा माल अमक्याचा’ एवढं ओळखू यावं म्हणून प्रामाणिकपणे नाव वापरलं तर कलम ३० ते चालवून घेतं. टीकेचंही तसंच. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, या वादात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा संगणकावरचा खेळ काढला होता. त्यात टाटांचं बोधचिन्हही होतं. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला.

गडबड होते ती पुढे. पान लोकांना आवडतं, कोपऱ्यात जाहिरात लागते, बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट विकायला ठेवले जातात. तिथून कौतुक संपून धंदा सुरू होतो. कंपन्या याबाबत एवढ्या हळव्या का असतात, ते आपल्या घरातच कळतं. डबा कुठल्याही कंपनीचा असो, आई दुकानात पाठवताना ‘डालडा आण’ असंच म्हणायची. नाव सगळ्यांचं झालं की ते मालकाच्या हातातून सुटायला लागतं.

वेबसाइटचा पत्ता निवडताना आणखी जपावं लागतं. पत्ता हाही ट्रेडमार्कसारखाच जपला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ मध्येच सांगितलंय. नुसतं कंपनीचं नाव आणि पुढे गावाचं नाव असा पत्ता घेतलात, तर वाचणाऱ्याला ती कंपनीची अमळनेर शाखाच वाटेल. ‘माळ्यावरचा डबा’ असं काही घ्या. वरच्याच ओळीत ‘ही वेबसाइट कंपनीची नाही’ असं ठळक लिहा. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं कोण वाचतं?

चित्रांचा हिशोब निराळा. डबा तुमचा असला तरी त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. फोटोचं तर आणखी गमतीदार आहे. आबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचे हक्क, वेगळा करार नसेल तर, आबांचे. निरोप समारंभाला कंपनीने पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल, तर त्या फोटोचे कंपनीचे. आणि नोकरीचा भाग म्हणून तुम्ही स्वतः काढलेला फोटो किंवा लिहिलेला मजकूर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्याची पहिली हक्कदार साधारणपणे कंपनीच. रविवारी घरी बसून लिहिलेलं मात्र तुमचं. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही काढणाऱ्याचं आयुष्य आणि वर ६० वर्षं एवढी मुदत मिळते, तेव्हा ‘जुना आहे, चालतंय’ हे नेहमी चालत नाही.

एवढं सगळं बाहेरच्या चाहत्यालाही लागू. तुमची खरी अडचण कपाटातल्या फाइलमध्ये आहे: नेमणूकपत्र. सही करताना शेवटची पानं कोणी वाचत नाही, आणि गोपनीयता, समाजमाध्यमं, कामाव्यतिरिक्तचे उद्योग यांची कलमं नेमकी तिथेच असतात. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. कंपन्या करारावर आणि विश्वासभंगावरच भिस्त ठेवतात. म्हणून गेटच्या आत काढलेला यंत्राचा एक फोटो तुम्हाला ट्रेडमार्कपेक्षा जास्त महागात पडू शकतो. फोटो तुमच्या लेखी कौतुकाचा, पण मागच्या फळ्यावर त्या पाळीचं उत्पादन खडूने लिहिलेलं असतं.

शेअरचंही तसंच. विप्रोचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपणारी घरं अमळनेरात आहेत, ही गोष्ट देशभर छापून आलीय. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीची जाहीर न झालेली, भाव हलवू शकणारी माहिती फोडणं सेबीच्या २०१५ च्या नियमांत बसत नाही. चहाच्या टपरीवर बोललेलं हवेत विरतं, वेबसाइटवरचं तारीख-वेळेसकट राहतं. आणि साबणाची तारीफ करताना ‘मी इथे नोकरीला आहे’ हे सांगून टाका. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांत नोकरीचं नातंही उघड करायच्या संबंधांमध्ये मोजलंय.

मग परवानगी मागायची कोणाकडे? पगाराची स्लिप काढून वरचं नाव वाचा. साबण-तेलाचा धंदा २०१३ मध्ये विप्रो लिमिटेडमधून वेगळा होऊन विप्रो एंटरप्रायझेसकडे गेला. आयटीवाली कंपनी वेगळी, साबणवाली वेगळी. चिन्ह कोणाच्या नावावर आहे ते ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. त्याच कंपनीला पत्र लिहा, तेही मनुष्यबळ विभागामार्फत: काय मांडणार, कोणते फोटो, जाहिरात नाही, सांगाल ते काढून टाकेन. साहेबांनी जिन्यात ‘कर रे, छान आहे’ म्हटलं म्हणून कामाला लागू नका. साहेबांची बदली होते. उत्तर लेखी घ्या आणि आबांच्या फोटोशेजारी त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.