दंड म्हणून नव्हे, दंडासाठी!

मराठीत ‘दंड’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ रोजच्या वापरात आहेत. खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात म्हणजे दंड. तालमीत जमिनीवर हात टेकून काढतात तो व्यायामही दंड. आणि चुकीबद्दल भोगावी लागते ती शिक्षा, तीही दंडच. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांच्या बाबतीत यातला दुसरा आणि तिसरा अर्थ शाळेतच एक होऊन गेला. गृहपाठ आणला नाही, काढा वीस उठाबशा. उशीर झाला, मारा मैदानाला पाच फेऱ्या. रांगेत बोललात, राहा ओणवे उभे. शरीराने करायची गोष्ट म्हणजे चारचौघांत भोगायची गोष्ट, हा धडा तिथे पक्का झाला.

रायगड हा तर कबड्डीचा जिल्हा. पेण-रोह्याच्या गावागावांत या खेळाचे वेड आहे आणि त्यातून उत्तम खेळाडू घडतात, हे खरेच. पण संघात निवड होते सात जणांची आणि राखीव खेळाडूंची. बाकीच्या वर्गाचे काय होते? जो ‘जाड्या’ किंवा ‘काडीपैलवान’ म्हणून ओळखला जातो, ज्याला कुणीच आपल्या बाजूला घेत नाही, तो मैदानाच्या कडेला दप्तरे सांभाळत बसतो. मुलींची कहाणी वेगळी. वयात आल्यावर धावायची लाज, पाळीच्या दिवसांत पी. टी.च्या तासाला काय कारण सांगायचे याची धास्ती आणि ‘आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस’ हा घरचा सल्ला. अशी मुले-मुली मोठी होतात, नोकरी-संसाराला लागतात आणि पुढची तीस वर्षे व्यायामाच्या वाटेला जात नाहीत. लोक त्याला आळस म्हणतात. बऱ्याचदा तो आळस नसतो, जुनी लाज असते.

याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत १८ ते ४० वर्षे वयाच्या हजारावर प्रौढांना त्यांच्या शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या आठवणी विचारण्यात आल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत वाईट आठवणींमध्ये सर्वांत जास्त उल्लेख आला तो चारचौघांत झालेल्या फजितीचा. ज्यांच्या आठवणी कडू होत्या, त्यांचा व्यायामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोठेपणीही नकारात्मक होता आणि बसून राहण्याचे प्रमाण जास्त होते. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण अनेकांना स्वतःच्या अनुभवावरून हे सहज पटेल.

स्नायू का हवेत?

ही लाज मनातच राहिली असती तर फारसे बिघडले नसते. पण तिची किंमत शरीर मोजते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. सुरुवातीला जाणवत नाही. मग एक दिवस जमिनीवर बसल्यावर उठताना हाताचा आधार लागतो. रोहा-दिवा गाडीच्या पायऱ्या चढताना दांडी घट्ट धरावी लागते. पुढे न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत सगळे घर सांभाळणारी बाई अंथरुणाला खिळते. म्हातारपणी स्वतःच्या पायावर उभे राहता येणार की नाही, याचा निकाल बराचसा मांड्यांमधल्या ताकदीवर ठरतो.

दुसरा प्रश्न मधुमेहाचा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने शोषून घेण्याचे बहुतांश काम स्नायू करतात. स्नायू कमी, तर साखर ठेवायला कोठार लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आपल्याकडची बाळे युरोपातील बाळांपेक्षा कमी वजनाची असतात. त्यांच्यात स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपली ठेवण जन्मापासूनची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे ज्या समाजाला स्नायूंची सर्वाधिक गरज, तिथेच व्यायामाचे नाव काढले की शिक्षा आठवते.

तिसरी गोष्ट आयुष्याची. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजून, त्यांच्या प्रकृतीवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात पकड कमजोर असणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले, रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून त्याचा अंदाज चांगला येत होता. पकड हा अर्थात सगळ्या शरीराच्या ताकदीचा आरसा आहे. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढत नाही.

‘आम्ही चालतो की!’

सल्ला दिला की दोन उत्तरे हमखास येतात. पहिले, ‘रोज सकाळी चालतो.’ भोगावतीच्या किंवा कुंडलिकेच्या काठाने चालणे हृदयाला, मनाला, वजनाला उत्तमच. ते सोडू नये. पण त्याने दंड, खांदे आणि पाठ यांना काम मिळत नाही, मांड्यांनाही पुरेसे मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीशिवाय, किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. शिवाय कोकणात पावसाळ्याचे चार महिने चालणे बंद पडते. घरातल्या घरात होणारा व्यायाम पावसातही होतो.

दुसरे उत्तर, ‘आम्ही कष्टाची माणसे.’ भाताची लावणी, पेणच्या गणपती कारखान्यांतली मातीची पोती आणि मूर्तींची ने-आण, धाटावच्या कारखान्यांतली पाळी, हे सगळे कष्टच. पण कामात ओझे आपल्या सोयीने ठरत नाही. तेच ते स्नायू दिवसभर राबतात, बाकीचे तसेच राहतात. विश्रांतीही हातात नसते. म्हणून कष्टाने माणूस अनेकदा दुखण्याला येतो. व्यायामात ओझे, वेळ आणि विश्रांती तिन्ही आपण ठरवतो.

ओझे हळूहळू वाढवण्याच्या या पद्धतीची शास्त्रीय मांडणी थॉमस डिलॉर्म या अमेरिकी डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालयात केली. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना जमेल तेवढे वजन देऊन ते पायरीपायरीने वाढवत नेले आणि ते अपेक्षेहून लवकर बरे झाले. म्हणजे हा व्यायाम कमजोर झालेल्यांसाठी आधीपासूनच आहे. १९९० मध्ये तर सरासरी नव्वदीच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे असा व्यायाम दिल्यावर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीच्या माणसाने ‘आता काय उपयोग’ म्हणू नये.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. वेळ वीस-पंचवीस मिनिटे. घरातली एक खोली, दार बंद. बघणारा कुणी नको, आरसा नको, शिट्टी तर नकोच. पाच हालचाली पुरेत.

पहिली, खुर्चीवरून उठणे-बसणे. पक्की, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घेऊन उठा आणि सावकाश बसा. जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा हाताचा आधार घ्या. ही त्या जुन्या उठाबशांचीच बहीण, पण इथे कान धरायचे नाहीत.

दुसरी, भिंतीवरचे दंड. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपरे वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. सोपे झाले की ओट्यावर हात टेकवून करा.

तिसरी, ओढणे. पिशवीत पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या की दोन किलोचे वजन तयार. एक हात टेबलावर टेकवून थोडे वाका आणि दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत ओढा. मग हात बदला.

चौथी, बादली उचलणे. अर्धी भरलेली बादली दोन पायांच्या मध्ये ठेवा, पाठ सरळ ठेवून कंबर मागे न्या, गुडघे किंचित वाकवा आणि पायांच्या जोरावर उभे राहा.

पाचवी, ओट्याला धरून टाचा उचलणे.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा एकदा. आता महत्त्वाचा नियम. शाळेत आकडा दुसऱ्याने ठरवला होता, इथे शरीर ठरवते. ‘अजून दोन-तीन निघतील’ असे वाटत असतानाच थांबायचे. शेवटचा श्वास लागेपर्यंत ताणण्याची नवशिक्याला गरज नसते. शिवाय व्यायाम संपताना बरे वाटले, तरच माणूस पुन्हा त्याकडे वळतो. ज्याच्या मनात जुनी भीती आहे, त्याने पहिला महिना ‘फारच सोपे आहे’ असे वाटेल इतकेच करावे. बाराही वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवावे. श्वास रोखू नये; आकडे मोठ्याने मोजले की तो आपोआप सुटतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात, दोन-तीन दिवसांत थांबतात. ते स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी कळ मात्र स्वाभाविक नाही. ती हालचाल बदलावी. आणि सवय नसताना एकदम शंभर-दीडशे बैठका कधीही काढू नयेत. त्याने स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला त्यापुढचा काळ लागतो. आरशात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. त्यापेक्षा एक सोपी मोजणी करावी. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला किती सेकंद लागतात? आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार वयस्कर माणसाला १२ किंवा जास्त सेकंद लागत असतील तर ताकद कमी आहे. महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहून ठेवावे. स्पर्धा फक्त मागच्या महिन्याच्या स्वतःशी.

जिममध्ये जायचे असेल तर आधी गर्दी नसलेल्या वेळी जाऊन बघावे. ‘मी नवीन आहे, मला हळूहळू शिकायचे आहे’ हे पहिल्याच दिवशी सांगावे. जिथे ओरडून, शरीरावरून टोमणे मारून व्यायाम करून घेतला जातो किंवा पहिल्याच दिवशी पावडरचा डबा गळ्यात मारला जातो, तिथून सरळ बाहेर पडावे.

प्रथिनांसाठी घरचे ताट पुरते. प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. वाल, कुळथाचे पिठले, डाळ, अंडी, दही, मासळी, सुकट यांतून ती मिळतात. नुसते पोहे किंवा भात-पापडावर भागवले तर मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

आधी तपासणी कुणी करावी?

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा बाळंतपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांतही जाता येईल. डॉक्टरांना जुनी भीतीही मोकळेपणाने सांगावी. त्यानुसार व्यायाम सुचवता येतो.

आणि एक गोष्ट आजच्या शिक्षक-पालकांसाठी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलाला शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणे म्हणजे पन्नाशीत त्याला लागणारे औषध आत्ताच कडू करून ठेवणे. ज्यांच्यासाठी ते आधीच कडू झाले आहे, त्यांनी उद्या दार बंद करून खुर्चीवरून आठ वेळा उठून बसावे. आठ झाले की थांबावे. पहिल्या दिवसाला तेवढे पुरे.