धातूच्या भुकटीचा प्रवाह

रव्याचा डबा तिरपा केला की रवा सरसर खाली येतो. मैद्याचा डबा तितकाच तिरपा केला तर प्रथम काहीच पडत नाही आणि मग एकाएकी मोठे ढेकूळ कोसळते. दोन्ही पदार्थ गव्हाचेच. भेद मुख्यतः कणांच्या आकारमानाचा. स्वयंपाकघरातील हा भेद आज अग्निबाणाचे एंजिन घडविणाऱ्या कारखान्यातही विचारात घ्यावा लागतो.

दि. ९ मे २०२४ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यातील एंजिन ६६५ सेकंद प्रज्वलित ठेवून त्याची यशस्वी चाचणी घेतली. पूर्वी हे एंजिन १४ भाग जोडून सिद्ध होत असे. या वेळी ते धातूच्या भुकटीपासून एकसंध घडविले होते. त्यामुळे वेल्डिंगचे १९ सांधे वाचले, आणि जेथे ५६५ किलोग्रॅम धातू लागत असे, तेथे १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरली.

थरावर थर

या पद्धतीत एका सपाट पट्टावर भुकटीचा बहुधा ३० ते ६० मायक्रॉन जाडीचा थर एका पात्याने पसरतात. लेसर किरण आकृतीप्रमाणे फिरून ठराविक जागची भुकटी वितळवितो. पट्ट किंचित खाली सरकतो आणि नवा थर पसरला जातो. असे हजारो थर एकावर एक सांधून वस्तू पूर्ण होते.

भुकटी नीट वाहिली नाही, तर थरात चरे व उणिवा राहतात. तेथे धातू पुरता सांधत नाही व आत पोकळी उरते. ती बाहेरून दिसत नाही; परंतु वारंवार ताण पडू लागला की भेग तेथूनच सुरू होते. म्हणून भुकटीची परीक्षा आधी करावी लागते.

कण का चिकटतात?

कणाचा व्यास निम्मा केला तर त्याचे वजन एक-अष्टमांश होते. परंतु कणाकणांमधील आकर्षण केवळ निम्मे होते. म्हणजे वजनाच्या मानाने चिकटपणा चौपट वाढतो. या कामी बहुधा १५ ते ४५ मायक्रॉनचे कण वापरतात. ते गोल असावेत म्हणून वितळलेल्या धातूच्या धारेवर आर्गॉनसारख्या वायूचे जोरदार झोत सोडून तिचे तुषार करतात व ते थिजू देतात. मोठ्या कणाला चिकटलेले लहान कण आणि हवेतील ओलावा हे दोन्ही प्रवाहाला अडथळा आणतात.

मापनाच्या रीती

सर्वांत सोपे साधन म्हणजे हॉल यांचे नरसाळे. त्याच्या तळाशी सुमारे २.५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते. त्यातून ५० ग्रॅम भुकटी गळून जाण्यास किती सेकंद लागतात, ते मोजतात. वाळूच्या घड्याळात वाळूवरून वेळ मोजतात. येथे वेळेवरून भुकटी पारखतात.

दुसऱ्या रीतीत भुकटी प्रथम सैल भरून व नंतर ठोकून-ठोकून बसवून तिची घनता काढतात. दुसऱ्या घनतेला पहिलीने भागले असता येणारा अंक १ च्या जवळ असेल, तर भुकटी सहज वाहते, तो १.२५ च्या पुढे जाऊ लागला, तर ती चिकट समजावी.

जेथे भुकटी वायूच्या झोताबरोबर नळीतून लेसरखाली सोडतात, तेथे दर मिनिटास किती ग्रॅम भुकटी येते, हे महत्त्वाचे असते. ती ठराविक वेळ भांड्यात धरून तोलतात, अथवा पारदर्शक नळीतून प्रकाश सोडून तो किती अडला यावरून अंदाज बांधतात.

नरसाळ्याची मर्यादा

फार बारीक भुकटी नरसाळ्यातून मुळीच गळत नाही, आणि मग हाती कोणताच अंक येत नाही. शिवाय यंत्रात भुकटी छिद्रातून गळत नसते, पात्याखाली पसरत असते. नरसाळ्यात अडलेली भुकटी कधी कधी पात्याखाली उत्तम पसरते. यासाठी पारदर्शक बाजूंचे पिंप सावकाश फिरवून आतील भुकटीचा उतार किती अंशांवर कोसळतो, हे कॅमेऱ्याने टिपतात. चांगली भुकटी अल्प उतारावरच संथ ओघळते. चिकट भुकटी मैद्याप्रमाणे उंच चढून ढेकळांनी कोसळते. काही यंत्रांत प्रत्येक थराचे छायाचित्रही घेतात.

न वितळलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात. पण प्रत्येक वापरात तिचे गुण थोडे बदलतात. म्हणून काल उत्तम ठरलेली भुकटीही आज पुन्हा मोजूनच यंत्रात घालणे इष्ट होय.