१.५ म्हणजे दीड की पंधरा?

सिंगापूरहून बाटमला फेरीने तासाभरात पोहोचता येतं. तेवढ्या अंतरात दशांश चिन्ह बदलतं! सिंगापुरात, आपल्याकडच्यासारखंच, दीड म्हणजे १.५. इंडोनेशियात मात्र १,५ लिहितात. तिथे टिंब हजारासाठी असतं, म्हणून १.५०० रुपिया म्हणजे दीड हजार.

आता औषधाची मात्रा भरायला डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये एक रकाना हवा आहे, त्यात फक्त दशांश संख्या घ्यायची. पहिला सुचणारा उपाय असा: प्रत्येक कळ तपासायची, अंक किंवा टिंब असेल तरच आत सोडायची. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं. पण माउसने पेस्ट केलेला मजकूर या गेटातून येतच नाही. शिवाय १.२.३ मधली प्रत्येक कळ निर्दोष असते.

आणि अंक कशाला म्हणायचं? डॉटनेटला विचारलं, तर देवनागरी ५ हा अंक आहे असंच तो सांगतो, कारण युनिकोडमध्ये तशी नोंद आहे. त्याची संख्या करायला सांगितली की तोच डॉटनेट एरर देतो. पायथॉन मात्र देवनागरी १२.५ बिनतक्रार साडेबारा वाचतो. (मराठी माणसाला बरं वाटावं अशी ही एकच जागा.)

एरर आली तर निदान कळतं तरी. खरा धोका गुपचूप होणाऱ्या चुकीचा. संगणकाची विभागीय सेटिंग इंडोनेशियन असेल आणि रकान्यात इंग्रजी अंकांत दीड, म्हणजे १.५, टाइप केलं, तर डॉटनेट ते टिंब हजाराचं समजून वगळतो. पुढे तीन अंक आहेत की नाहीत, हे तो पाहत नाही. उत्तर १५. मात्रा थेट दहापट!

म्हणून कळ नव्हे, पूर्ण मजकूर तपासायचा आणि दशांश चिन्ह कोणतं हे प्रोग्राममध्ये स्पष्ट सांगायचं. क्यूटी या लायब्ररीची पद्धत मला आवडते. तिच्या तपासनिसाकडे तीन उत्तरं असतात: चूक, अपुरं आणि बरोबर. नुसतं उणे चिन्ह ही संख्या नाही, पण उणे अडीच लिहिताना सुरुवात तिथूनच होते. ते अडवलं तर माणूस पुढे लिहिणार कसा?

अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था सांगते, की .५ नको, ०.५ लिहा, ५.० नको, ५ लिहा. टिंब नजरेतून सुटलं की ५.० चे ५० होतात. रकान्यातून बाहेर पडताच अ‍ॅपने वाचलेली संख्या याच रूपात, एककासह, परत दाखवावी: ०.५ मिलिग्रॅम. आणि कमाल मात्रा ओलांडली असेल, तर पुढचं बटण बंद ठेवावं.