जुनी जावा, नवा मीटर

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकात तयार झालेली २५० सीसीची जावा अजूनही एखाद्या गोठ्यात पोत्याखाली सापडते. तिचा किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा होतो. टाकीतला गंज, कार्ब्युरेटर, ऑइल सील ही कामे जाणता मेकॅनिक उरकतो. खरी कसोटी डिजिटल मीटर बसवताना लागते.

मूळ गाडीची वीजव्यवस्था ६ व्होल्टची, बाजारात मिळणारे बहुतेक मीटर १२ व्होल्टचे. त्यामुळे बॅटरी, चार्जिंग, बल्ब, हॉर्न असे सगळेच बदलावे लागते. वायरिंगही नवेच घालावे. जुन्या वायरला टेप गुंडाळून भागत नाही. पेडगाव-परभणीकडच्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाळी चिखल सैल जोडांना लगेच गाठतो.

जुना काटा केबलवर फिरे. नव्या मीटरला चाकावरचे छोटे चुंबक आणि शेजारचा सेन्सर फेरे मोजून देतो. जावाच्या १६ इंची चाकाचा घेर साधारण १.८ मीटर, ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला नऊ-सव्वानऊ फेरे. घेराचा आकडा चुकीचा भरला, की वेगही चुकला.

हेडलाइटच्या डोक्यातला मूळ मीटर मात्र भंगारात देऊ नये. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते. म्हणूनच काही जण टाकी-चासीला भोक न पाडता हँडलवर क्लॅम्पने नवा मीटर लावतात.