पेढीवरचे नाव आणि आतला माणूस

इंदूरच्या इतवारिया बाजारातील काचमंदिरात आमच्या सभासदांपैकी बहुतेकांचे पाऊल कधी ना कधी पडलेच असेल. भिंती, खांब, छत, इतकेच नव्हे तर जमीनही काचेची. समोर भगवान शांतिनाथांची मूर्ती आणि आरशांतून पुनःपुन्हा उमटणारी प्रतिबिंबे. परंतु त्याच काचांत दर्शनास आलेला व्यापारी स्वतःसही पाहतो, हे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. हे मंदिर उभारणारे दानवीर सर सेठ हुकुमचंदजी (१८७४–१९५९) यांचे चरित्र आठवले की आम्हास त्या काचा आठवतात.

इंदुरात कापडाची गिरणी, कलकत्त्याजवळ तागाची गिरणी, शीशमहाल, इंद्रभवन, १९१९ साली मिळालेली ‘सर’ ही पदवी. हा सारा थाट केवळ हौसेचा होता असे म्हणणे आम्हास न्याय्य वाटत नाही. व्यापाऱ्याची पत दुसऱ्याच्या डोळ्यांत वसते. हुंडी सकारली जाते ती नावावर. आणि वायद्याच्या बाजारात तर हुकुमचंदजींसारख्याची मुद्रा किंचित म्लान दिसली तरी भाव हलावयाचे. मन उद्विग्न असले तरी गादीवर प्रसन्नच बसावे लागते. लहान दुकानदारालाही हे चुकलेले नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी शास्त्रस्वाध्याय व व्रतपालन यांत मन घातले. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाची मर्यादाही आहे, आणि ती खरोखर पाळली की नाही हे ज्याचे त्यासच ठाऊक. अडचण अशी की, थोर पुरुषाचा त्यागही लोकांस दिसतो. आणि दिसला की तोही कीर्तीच्याच खाती जमा होतो!

शिवाय नाव माणसाच्या हाती राहत नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, म्हणजे सेठजींच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनी. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या रकमेचा प्रश्न २०२३ च्या डिसेंबरात सुमारे २२४ कोटी रुपयांवर सुटला. तोवर कित्येक कामगार वारले होते. मंदिराच्या कीर्तीशी जोडलेले नावच इतकी वर्षे त्या दाव्याच्या कागदांवरही राहिले.

आता घरची गोष्ट. या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत कोणाचे छायाचित्र आधी, यावरून दरवर्षी रुसवे होतात. यंदा एका सभासदाने मोठी रक्कम देऊन ‘नाव छापू नये’ असे कळविले. समितीत बराच खल झाला. नाव न छापल्यास इतरांस प्रेरणा कशी मिळणार, असे काहींचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच चूक नव्हते. अखेर ‘एक सभासद’ एवढेच छापले आहे. तो कोण, याचा तर्क त्याच सायंकाळी सुरू झाला; आणि सांगावयास संकोच वाटतो, पण त्यात आम्हीही होतो.