धुरक्याच्या दिवसांत घरातील हवेचे मापन

पावसाळा संपून आकाश निवळले की चंदीगडजवळच्या शिवालिकच्या टेकड्या अगदी हाताशी आल्यासारख्या दिसू लागतात. सुखना तलावाच्या काठी सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना टेकड्यांवरची झाडीदेखील ओळखता येते. परंतु ऑक्टोबरच्या मध्यानंतर हे चित्र पालटते. टेकड्या प्रथम फिकट होतात, मग त्यांची केवळ कड उरते, आणि नोव्हेंबरमध्ये अनेक दिवस ती कडही धुरक्यात नाहीशी होते.

या धुरक्यामागे शेतीचे एक वेळापत्रक आहे. पंजाब व हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये जेमतेम दोन ते तीन आठवडे मिळतात. कापणी व मळणी एकदमच करणारी यंत्रे दाणे काढून घेतात, पण भाताची ताटे शेतातच राहतात. या अवशेषांना तिकडे ‘पराली’ म्हणतात. शेत लवकर मोकळे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती पेटवून देणे. भूजलाची पातळी खालावू नये म्हणून पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी जून महिन्यात पुढे ढकलली. हेतू योग्य होता. परंतु लावणीबरोबर कापणीही पुढे सरकली, आणि शेते पेटण्याचा काळ नेमका वारा मंदावण्याच्या काळाशी जुळला. या दिवसांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वरचा उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. मग शेतांतला धूर, वाहनांचा धूर, रस्त्यांवरची धूळ आणि दिवाळीची दारू या सर्वांना खालीच कोंडून राहावे लागते. नोव्हेंबर २०२४ च्या मध्यास चंदीगडच्या हवेच्या निर्देशांकाने ४०० ची रेषा ओलांडली होती.

अशा दिवसांत घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर एक साधा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारावा लागतो : खिडकी उघडावी की बंद ठेवावी? शहरात सेक्टर २२, २५ आणि ५३ येथे हवेचे अखंड मापन करणारी सरकारी केंद्रे आहेत, आणि त्यांची माहिती सर्वांना उपलब्ध असते. परंतु ही केंद्रे शहराच्या हवेविषयी सांगतात, आपल्या निजण्याच्या खोलीविषयी नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी घरगुती मापक बाजारात मिळू लागले आहेत. ते विकत घेण्यापूर्वी ते काय मोजतात, कसे मोजतात आणि कोठे चुकतात, हे समजून घेतले पाहिजे. कारण चुकीचा दिलासा हा अज्ञानापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

काय मोजावयाचे?

धुरातील सर्वांत चिंताजनक घटक म्हणजे अतिसूक्ष्म कण. ज्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, त्या कणांना ‘पीएम २.५’ अशी संज्ञा आहे. माणसाच्या केसाची जाडी याच्या वीस ते तीस पट असते. नाकातील केस व घशातील ओलावा जाड धूळ अडवितात, परंतु हे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी अगदी बारीक कण रक्तातही शिरू शकतात. म्हणूनच धुरक्याचा परिणाम श्वसनापुरता न राहता हृदयावरही होतो. पेंढा जळताना निघणाऱ्या धुरातील बहुतेक कण याच आकाराचे असतात. यास्तव मापक निवडताना पहिली अट ही की, त्याने पीएम २.५ चे प्रमाण ‘मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’ या एककात आकड्याने दाखविले पाहिजे. नुसता हिरवा, पिवळा वा तांबडा दिवा, अथवा हसरा आणि रडका चेहरा दाखविणारे यंत्र घेऊ नये.

निर्देशांकाचा घोटाळा

आकडा दाखविणाऱ्या यंत्रांतही एक खोच असते. पुष्कळ मापक कणांच्या प्रमाणाबरोबर ‘हवेचा निर्देशांक’ दाखवितात. पण तो कोणत्या देशाच्या पद्धतीने काढलेला आहे, हे ठळकपणे सांगत नाहीत. भारताचा राष्ट्रीय निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचा अंक हाच निर्देशांक धरला जातो. हवेच्या चांगली, समाधानकारक, मध्यम, खराब, अतिशय खराब आणि गंभीर अशा सहा श्रेणी आहेत. अमेरिकेची मोजपट्टी निराळी असून २०२४ मध्ये ती अधिक कडक करण्यात आली.

उदाहरणार्थ, हवेत पीएम २.५ चे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम आहे असे समजा. भारतीय पद्धतीने याचा निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी पद्धतीने तोच निर्देशांक १५० च्या वर जातो आणि हवा ‘आरोग्यास अपायकारक’ या श्रेणीत पडते. हवा एकच, पण नावे दोन. भारताचे चोवीस तासांचे प्रमाण मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅमची आहे, हेही येथे ध्यानात ठेवावे. शिवाय सरकारी निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर आधारलेला असतो, आणि घरचा मापक त्या क्षणाची स्थिती सांगतो. तेव्हा या दोहोंची तुलना करून ‘सरकारी आकडा खोटा’ किंवा ‘आपले यंत्र बिघडले’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तुलना करावयाचीच असेल, तर केंद्राच्या तासावारी पीएम २.५ शी आपल्या यंत्राच्या पीएम २.५ ची करावी.

यंत्र कसे मोजते?

सरकारी केंद्रांतील मोठी यंत्रे कण एका गाळणपट्टीवर जमा करतात, तिच्यातून बीटा किरण पाठवितात, आणि किरण किती क्षीण झाले यावरून कणांचे वस्तुमान काढतात. घरगुती मापकाला ही चैन परवडत नाही. त्यात एक छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा बारीक झोत तिच्यावर पडतो आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश एक संवेदक टिपतो. झडपेच्या फटीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण चमकताना आपण पाहतो, त्याचेच हे रूप होय. यंत्र कणांचे वजन करीत नाही. प्रकाशाच्या चमकेवरून वजनाचा अंदाज करते. हा अंदाज करताना कणांचा आकार व घनता अमुक एक असेल, असे ते गृहीत धरते.

या गृहीतातूनच त्याच्या चुका उद्भवतात. पहिली चूक धुराची. अमेरिकेत वणव्यांच्या धुरात अशा एका लोकप्रिय संवेदकाचे आकडे खऱ्या प्रमाणाच्या दीडपट ते दुप्पट येत असल्याचे आढळले. म्हणून तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यांसाठी दुरुस्तीचे सूत्र तयार केले आणि २०२० पासून धुराच्या नकाशात ते वापरले. परंतु अमेरिकेच्या जंगलांसाठीचे सूत्र पंजाबच्या पराळीला जसेच्या तसे लागू पडेलच, असे नाही. दुसरी चूक दमटपणाची. डिसेंबर-जानेवारीत या प्रदेशावर दाट धुके उतरते. त्या वेळी कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र त्या पाण्यालाही प्रदूषण समजते. म्हणून ज्यात तापमान व आर्द्रता यांचेही मापन होते, असे यंत्र घ्यावे. आर्द्रता फार वाढलेली असताना त्याच्या आकड्यावर कमी विसंबावे. तिसरी चूक जाड धुळीची. मे-जूनमधील आंधीत उडणारे जाड कण या संवेदकांच्या हाती फारसे लागत नाहीत. त्यामुळे यंत्रावरील ‘पीएम १०’ हा आकडा पुष्कळदा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो.

याचा अर्थ ही यंत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. एकच यंत्र, एकाच घरात, थोड्या वेळाच्या अंतराने वापरले असता ‘वाढले की घटले’ हे ते चांगल्या प्रकारे सांगते. त्याचा खरा उपयोग तुलनेत आहे. कोणत्या कंपनीच्या यंत्राचे आकडे प्रमाण यंत्रांशी कितपत जुळतात, याची तटस्थ तपासणीही होत असते. दक्षिण कॅलिफोर्नियातील हवा-नियंत्रण जिल्ह्याने २०१४ मध्ये अशा तपासणीचे केंद्र उघडले आणि त्याचे निष्कर्ष ते सर्वांसाठी प्रसिद्ध करते. विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा असा पुरावा अधिक मोलाचा मानावा.

वायूंचे मापन

काही मापक कणांखेरीज कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मोजतात. हे मापन धुरक्याच्या दिवसांत विशेष उपयोगी पडते. खिडक्या घट्ट लावल्या की धूर बाहेर राहतो, पण श्वासोच्छ्वासाने हा वायू आत साठत जातो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या किंचित वर असते. ते खोलीत १००० च्या पुढे बरेच वर गेले, तर हवा खेळत नाही असे समजावे. मात्र हा वायू अवरक्त किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजणारे यंत्र आणि इतर वायूंवरून त्याचा केवळ तर्क करणारे स्वस्त यंत्र यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र अत्तराच्या वासानेही दचकते. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. हा मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने येतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील तांबड्या द्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. कोळसा नीट लाल झाला की धूर दिसेनासा होतो आणि मापकावरील कणांचा आकडाही समाधानकारक वाटू शकतो, पण विषारी वायू निघतच असतो. कण मोजणारे सामान्य मापक, कर्बद्विप्राणिल मोजणारेसुद्धा, या वायूची सूचना देत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र, धोक्याची घंटा वाजविणारे उपकरण मिळते. निजण्याच्या खोलीत शेगडी न ठेवणे, आणि गॅसवर पाणी तापविणारे यंत्र बंद न्हाणीघरात न वापरणे, हा त्याहूनही खात्रीचा उपाय होय.

वापरताना

यंत्र श्वासाच्या उंचीवर, म्हणजे मेजावर किंवा पलंगाशेजारी ठेवावे. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, देवघरातील उदबत्तीशेजारी, खिडकीच्या कडेला, उन्हात किंवा हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी ते ठेवू नये. नवे यंत्र आणल्यावर प्रथम दोन-तीन दिवस आडोशाच्या गच्चीत ठेवून त्याचे आकडे जवळच्या केंद्राच्या तासावारी आकड्यांशी ताडून पाहावेत. ते नेहमीच दीडपट येत असतील, तर तेवढी वजावट मनात ठेवावी. आतल्या पंख्यात धूळ साचते आणि काही वर्षांत लेसरही मंदावतो. म्हणून ही ताडणी दर वर्षी हंगामाच्या आरंभी करावी.

मग मूळ प्रश्नाकडे यावे. समजा, सायंकाळी बाहेर १८० आणि आत १४० असा आकडा आहे. खिडक्या लावून हेपा गाळणीचे शुद्धीयंत्र चालू केले आणि तासाभरात आतला आकडा ५० वर आला, तर उपाय लागू पडतो आहे. आकडा हललाच नाही, तर दाराखालच्या फटी, गाळणीचा मळ किंवा खोलीच्या मानाने यंत्राचा अपुरा आकार यांपैकी काहीतरी कारण आहे. बाहेरची हवा बरी असूनही आतला आकडा चढला, तर दोष घरातच शोधावा; फोडणी, उदबत्ती किंवा डासांची कांडी यांचा धूरही पुरेसा असतो. दुपारी ऊन पडून झाकणासारखा थर विरतो आणि बाहेरचा आकडा पुष्कळदा खाली येतो. खिडक्या अर्धा तास उघडण्याची वेळ ती. पहाटेची थंड हवा स्वच्छ असते, ही आपली जुनी समजूत या दोन महिन्यांपुरती तरी बाजूला ठेवावी लागते.

सारांश, पीएम २.५ चे प्रमाण आकड्यात दाखविणारे, आर्द्रता सांगणारे, तटस्थ तपासणीत उतरलेले आणि मागील काही दिवसांची नोंद ठेवणारे यंत्र पुरेसे आहे. दहा प्रकारचे वायू मोजण्याचा दावा करणाऱ्या महागड्या यंत्राची गरज नाही. ऐपत असेल तर कर्बद्विप्राणिलाचे खरे मापन जोडून घ्यावे. आणि यंत्रावर जो खर्च होईल, त्याने गाळणी, मुखपट्टी किंवा रुग्णाचे औषध यांवरील खर्चाला कात्री लागत असेल, तर यंत्र मागे ठेवावे. मापकाने हवा शुद्ध होत नाही. केव्हा काय करावे, एवढेच तो सांगतो.